फ्लाय बांधताना उडणारे केस, चिकटणारी पिसं आणि पसारा : स्टॅटिक आवरायची टप्प्याटप्प्याची पद्धत

फ्लाय म्हणजे हुकवर केस, पिसं आणि दोरा बांधून केलेलं मासेमारीचं आमिष. ती बांधताना हेअर स्टॅकर (केसांची टोकं एका रेषेत आणायची नळी) टेबलावर कितीही आपटला तरी हरणाच्या केसांची टोकं एका रेषेत येत नाहीत. माराबूचं मऊ पीस बोटाला चिकटतं आणि हुकवर उतरायला तयार होत नाही. फ्लॅशची (चमकणाऱ्या प्लॅस्टिक तंतूंची) एक पट्टी ओढावी तर तिच्यासोबत आणखी चार निघतात आणि बाहीवर चढून बसतात. अशा वेळी बहुतेक जण केस पुन्हा विंचरतात, फुंकर मारतात, कोरड्या हाताने टेबल झटकतात. या तिन्हींनी त्रास वाढतो. विंचरणं आणि झटकणं म्हणजे घासणं, आणि स्टॅटिक, म्हणजे स्थिर वीज, घासण्यातूनच तयार होतं. फुंकरीने फक्त केस उडतात.

स्टॅटिकचा बंदोबस्त व्हाइससमोर (हुक धरायच्या शिकंज्यासमोर) बसून होत नाही. हुक व्हाइसमध्ये अडकवण्याआधीच तो करावा लागतो, आणि त्यात कामांचा क्रम महत्त्वाचा असतो. खालचे टप्पे त्या क्रमानेच दिले आहेत. बांधणीची मूळ तंत्रं तुम्हाला येतात असं गृहीत धरलं आहे.

आधी निदान : स्टॅटिक की लव?

केस नीट रचले जात नाहीत याचा दोष दर वेळी स्टॅटिकवर टाकला जातो. प्रत्यक्षात बऱ्याच वेळा दोष असतो बुडाशी राहिलेल्या मऊ लवेचा. हरीण किंवा एल्कच्या लांब केसांच्या मुळाशी राखाडी, लोकरीसारखी लव असते. ती केसांना एकमेकांत गुंतवते, त्यामुळे केस नळीत सुटे घसरत नाहीत. त्यावर कितीही अँटिस्टॅटिक उपाय केले तरी फरक पडणार नाही.

ओळखायची पद्धत सोपी आहे. कापलेला झुपका टोकांकडून चिमटीत धरा आणि बुडं खाली लोंबू द्या. केस एकमेकांपासून दूर पळत पिंजारले आणि जवळ आणलेल्या बोटाकडे वळले, तर ते स्टॅटिक. झुपका शांत लोंबतो पण बुडाशी राखाडी गुंता दिसतो, तर ती लव. स्टॅकर उघडल्यावरही हेच कळतं. काही केस नळीच्या आतल्या भिंतीला चिकटून राहिले असतील तर स्टॅटिक, आणि सगळा झुपका एकाच गठ्ठ्यात वेडावाकडा बाहेर आला तर लव, किंवा मग नळीत केस जास्त भरले गेलेत.

दोन्ही एकत्र असतील तर लव आधी काढा. लव काढताना पुन्हा थोडं स्टॅटिक तयार होतंच, म्हणून ते घालवण्याचं काम नंतर.

टप्पा १ : खोलीतली हवा

हवेत ओलावा असला की वस्तूंच्या पृष्ठभागावर पाण्याचा अतिशय पातळ थर बसतो आणि त्यातून विद्युत प्रभार हळूहळू निघून जातो. हवा कोरडी झाली की हा रस्ता बंद होतो. थंडीत हीटर चालू असताना किंवा बराच वेळ एसी चालवल्यावर स्टॅटिक डोकं वर काढतं ते याचमुळे.

१. टेबलाजवळ आर्द्रता मोजायचं साधं यंत्र ठेवा. ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान काम सुखाने होतं. ३० च्या खाली केस आणि फ्लॅश हाताळणं फार जिकिरीचं होतं.

२. ह्युमिडिफायर असेल तर काम सुरू करण्याच्या अर्धा तास आधी लावा. नसेल तर खोलीत रुंद तोंडाच्या भांड्यात गरम पाणी ठेवा आणि एक ओला टॉवेल वाळत घाला. छोट्या खोलीत एवढ्यानेही आकडा हलतो.

३. काम सुरू करताना पंखा बंद करा. हीटर किंवा एसीचा झोत टेबलावर येत असेल तर त्याची दिशा बदला.

इशारा : आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर नेऊ नका. हुक गंजतात आणि कातडीच्या तुकड्यांना बुरशी धरते. ह्युमिडिफायरची वाफ हुकच्या डब्यांवर किंवा हॅकलच्या केपवर (कोंबड्याच्या मानेच्या पिसांसहित कातडीवर) थेट येऊ देऊ नका.

कपड्यांचंही बघा. फ्लीस किंवा पॉलिएस्टरचा स्वेटर घालून खुर्चीत हलत राहिलात की प्रभार तुमच्याच अंगावर साठतो. सुती शर्ट घाला, बाह्या वर दुमडा. बसण्याआधी आणि मधूनमधून पाण्याच्या धातूच्या नळाला हात लावला की अंगावरचा प्रभार उतरतो. त्यासाठी विजेच्या सॉकेटला किंवा वायरला कसलीही जोडणी करायची नाही.

टप्पा २ : टेबल

काच आणि प्लॅस्टिकच्या शीट दिसायला स्वच्छ असतात, पण या कामात त्यांनी केस ओढून धरायचंच काम होतं. लाकूड, पुठ्ठा किंवा जाड खाकी कागद खाली असलेला बरा. मला खाकी कागदच सगळ्यात पसंत आहे. त्यावर काळे, पांढरे आणि रंगीत असे सगळे तंतू दिसतात, आणि शेवटी चारही कोपरे आत दुमडले की निम्मा पसारा एका पुडीत जातो.

कागद अंथरण्याआधी टेबल ओलसर कापडाने पुसा. कोरड्या कापडाने पुसलं तर तुम्ही तिथे प्रभार चोळून ठेवता.

टेबलाची मांडणी ठरवा आणि एकदा ठरवली की बदलू नका :

– उजव्या हाताने काम करत असाल तर उजवीकडे कात्री, बॉबिन (दोऱ्याची रीळ धरणारं अवजार), बॉडकिन (मुठीची सुई) आणि व्हिप फिनिशर (शेवटची गाठ मारायचं अवजार).

– डावीकडे तयार केलेलं साहित्य.

– व्हाइसच्या बरोबर खाली कचऱ्याची पिशवी. कापडी किंवा कागदी असू दे. प्लॅस्टिकच्या पिशवीत टाकलेले केस तिच्या कडेला चिकटून पुन्हा वर चढतात.

– टेबलाच्या कडेला मास्किंग टेपची एक पट्टी, चिकट बाजू वर करून. लहान दोरे, फ्लॅशचे तुकडे आणि उपटलेले आखूड केस थेट तिच्यावर ठेवायचे.

– एका वाटीत ओला, घट्ट पिळलेला स्पंज. तो हुकपासून शक्य तितक्या लांब ठेवा.

हा स्पंज या सगळ्या पद्धतीचा कणा आहे. बोट टेकवायचं, मग कापडाला एकदा टिपायचं. बोट ओलसर हवं, ओलं नको.

इशारा : बोट ओलं करायला जिभेला लावायची सवय सोडा. बोटांवर शिशाची तार, रंग आणि डिंकाचे अंश असतात. शिसं पोटात गेलेलं अजिबात चालत नाही.

टप्पा ३ : अवजारं

प्लॅस्टिकचा स्टॅकर बाजूला ठेवा. पितळ किंवा ॲल्युमिनियमचा घ्या. धातूवर स्वतःचा प्रभार साठत नाही, तो तुमच्या हातातून निघून जातो. मात्र धातूचा स्टॅकर घेतला की काम संपलं असं समजू नका. केस स्वतः विजेचे दुर्वाहक आहेत, त्यामुळे त्यांच्यावर आधीच बसलेला प्रभार धातूला टेकल्याने लगेच उतरत नाही. धातूच्या नळीने नवी भर थांबते, जुनी शिल्लक साहित्य तयार करतानाच काढावी लागते. फणीही धातूचीच हवी, बारीक दातांची. प्लॅस्टिकच्या कंगव्याने हरणाचे केस विंचरणं म्हणजे हाताने त्रास ओढवून घेणं.

स्टॅकरच्या नळीची तयारी अशी करा :

१. नळी आतून इसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसून वाळू द्या. आत वॅक्स किंवा हाताचं तेल असेल तर केस तिथे अडकतात आणि ते स्टॅटिकसारखंच वाटतं.

२. कपडे सुकवायच्या मशीनमध्ये टाकतात त्या ड्रायर शीटचा छोटा तुकडा एका काडीला गुंडाळा आणि नळीतून दोन-तीनदा फिरवा. शीट मिळत नसेल तर कपभर पाण्यात फॅब्रिक सॉफ्टनरचे काही थेंब टाका, त्यात कापड बुडवून घट्ट पिळा आणि त्याने पुसा.

३. नळी पूर्ण कोरडी झाल्यावर मऊ कागदाने आतून एकदा पुसून घ्या. थर दिसता कामा नये.

फणी आणि कात्रीची पाती यांनाही तोच तुकडा एकदा लावा. मग हात धुवा.

इशारा : ड्रायर शीट किंवा सॉफ्टनर अवजारांना लावायचा, केसांना नाही. त्याचा थर ओलावा धरून ठेवतो म्हणूनच स्टॅटिक जातं, आणि ड्राय फ्लायच्या (पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायच्या) केसांनी ओलावा धरावा असं आपल्याला मुळीच नको असतं. शिवाय थर लागलेल्या जागी सिमेंट (फ्लायच्या डोक्यावर लावायचा डिंक) नीट धरत नाही. अँटिस्टॅटिक स्प्रेलाही हाच नियम लावा.

तपासा : नळीत दहा-बारा सुटे केस टाका आणि नळी उलटी करा. सगळे केस आपोआप खाली पडले पाहिजेत. एखादाही आत लटकत राहिला तर पुन्हा पुसा.

टप्पा ४ : साहित्य पाकिटातून बाहेर

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि इथे दिलेला वेळ पुढे पुरेपूर वसूल होतो.

प्राण्याचे केस आणि पॉलिथिन एकमेकांवर घासले की केसांवर धन प्रभार येतो आणि पॉलिथिनवर ऋण. या बाबतीत ही फार वाईट जोडी आहे, आणि आपण तर सगळं साहित्य झिपच्या पाकिटांतच ठेवतो. कागद आणि सुती कापड या बाबतीत मधले आहेत, केसांशी घासले तरी फारसा प्रभार देत नाहीत. म्हणून ज्या दिवशी बांधायचं त्याच्या आदल्या दिवशी लागणारे तुकडे कागदी पाकिटांत काढून ठेवा. काम झालं की परत बंद पाकिटात. कायमचं कागदात ठेवू नका, कारण कसर आणि कातडी खाणारे भुंगे कागद सहज पार करतात.

तुकडा पाकिटातून काढताना कातडीला धरून सावकाश बाहेर घ्या. केस धरून ओढलेत तर पाकीट केसांच्या पूर्ण लांबीवर घासलं जातं.

आता किती फ्लाय बांधायच्या ते ठरवा, समजा बारा. बारांचं सगळं साहित्य आधी तयार करायचं, आणि एका वेळी एकच पाकीट उघडं ठेवायचं. क्रम असा :

१. हुक, मणी, तार. हुक मोजून एका चुंबकावर ठेवा आणि आकडा कागदाच्या कोपऱ्यात लिहा. शेवटी तो लागणार आहे.

२. हॅकल. देठाच्या बुडाशी असलेला मऊ पिसारा कचऱ्याच्या पिशवीवरच उपटा, सगळ्या पिसांचा एकदम. सर्वांत जास्त उडणारा कचरा हाच असतो. एकेका फ्लायच्या वेळी उपटत बसलात तर तासभर तो हवेत तरंगत राहील आणि नेमका सिमेंटवर येऊन बसेल.

३. फ्लॅश. लांबीप्रमाणे कापून घ्या.

४. माराबू आणि सीडीसी (बदकाची बारीक, तरंगणारी पिसं). पिसं निवडून बाजूला ठेवा, टोकं अजून तोडू नका.

५. डबिंग (दोऱ्यावर वळायचे तंतू). चिमूटचिमूट वेगळं काढा.

६. हरीण, एल्क, बकटेल (हरणाच्या शेपटीचे केस). हे सगळ्यात शेवटी.

तयार केलेली पिसं ठेवायला नालीदार पुठ्ठ्याचा तुकडा वापरा. त्याच्या कडेला जी भोकं दिसतात त्यांत पिसांचे देठ खोचले की ती उडत नाहीत, एकमेकांना चिकटत नाहीत, आणि किती उरली ते एका नजरेत दिसतं. फोमच्या ठोकळ्यात खोचायची पद्धत आहे, पण फोम स्वतःच प्रभार धरतो.

तपासा : व्हाइसकडे वळण्याआधी कागदावरचा कचरा टेपने उचला, हात धुवा आणि पुसा. जे पाकीट आता लागणार नाही ते बंद हवं.

टप्पा ५ : केस रचणं

एल्क हेअर कॅडिस किंवा कंपॅराडनसारख्या फ्लायसाठी टोकं एका रेषेत लागतात. पायऱ्या गाळू नका आणि त्यांचा क्रमही बदलू नका.

१. लागतील तेवढेच केस वेगळे करा आणि कातडीलगत एकाच घावात कापा. १४ नंबरच्या हुकला, दाबून धरल्यावर काडेपेटीच्या काडीइतका जाड झुपका पुरतो. नवशिके हमखास दुप्पट घेतात.

२. झुपका टोकांकडून घट्ट धरा. धातूची फणी मध्यापासून बुडाकडे, एकाच दिशेने, सावकाश चालवा. फणीवर राखाडी लव येईल, ती टेपवर लावा. फणी रिकामी बाहेर आली की थांबा. त्यापुढचा प्रत्येक फेरा केसांवर फक्त प्रभार चढवतो.

३. पकड न सोडता, टोकांपर्यंत न पोचणारे आखूड केस ओढून काढा.

४. आता स्टॅटिक घालवायचं. आरशावर वाफ धरतो तसा उबदार श्वास झुपक्यावर दोनदा सोडा. फुंकर मारू नका. श्वासातला ओलावा केसांवर बसतो, प्रभार उतरतो आणि पिंजारलेले केस तुमच्या डोळ्यांदेखत मिटतात. हवा फारच कोरडी असेल तर स्पंजाला टेकवून टिपलेलं बोट फक्त बुडांवरून एकदा फिरवा. टोकांना पाणी लागलं तर ती एकमेकांना चिकटतील आणि नळीत सुटी होणार नाहीत.

५. टोकं खाली करून केस नळीत सोडा. ते आत सैल उभे राहिले पाहिजेत. घट्ट बसत असतील तर केस जास्त आहेत, किंवा नळी लहान आहे.

६. लाकडी फळीवर आठ-दहा वेळा ठाम आपटा. हलक्या हाताने पन्नास वेळा आपटण्यात अर्थ नाही, केस नळीला घासत राहतात आणि पहिल्यापेक्षा वाईट होतात.

७. स्टॅकर आडवा धरा आणि मग तळ सावकाश ओढून काढा. उभा धरून उघडलात तर रचलेले केस घसरतात. बाहेर आलेली टोकं चिमटीत धरून झुपका काढा आणि लगेच बांधा. रचलेला झुपका टेबलावर ठेवून दुसऱ्या कामाला लागू नका.

तपासा : टोकं उजेडासमोर धरा. दोन-चार केस पुढे-मागे असतील तर ते हाताने काढा. त्याहून जास्त असतील तर लगेच पुन्हा आपटू नका. आधी बुडाशी लव राहिली आहे का ते पाहा, मग पुन्हा श्वास द्या, आणि मगच पुन्हा नळीत.

बकटेलला एवढं सगळं लागत नाही. त्यात लव कमी असते आणि टोकं थोडी खाली-वर असली की क्लाउजर मिन्नोसारखी फ्लाय उलट चांगली दिसते. झुपका टोकांकडून धरून आखूड केस उपटले आणि ओलसर बोट एकदा फिरवलं की झालं.

टप्पा ६ : व्हाइसवर, साहित्यानुसार

माराबू. किती घ्यायचं ते पीस कोरडं असतानाच ठरवा, कारण ओलं झाल्यावर ते इतकं बारीक दिसतं की हमखास जास्त घेतलं जातं. मग ओलसर बोटांनी टोकांकडे चापून घ्या, लांबी मोजा आणि बांधा. जिथे दोरा येणार तो भाग कोरडा ठेवा. वूली बगर फ्लायच्या शेपटीत बांधलेलं माराबू पुढे हॅकल फिरवताना सतत मध्ये येतं, तेव्हा पुन्हा एकदा ओलसर बोट फिरवा. ते मागे पडून राहतं.

सीडीसी. याला पाणी लावायचं नाही, तेल नाही, वॅक्सही नाही. ही पिसं बारीक तंतूंमध्ये हवा धरून तरंगतात आणि एकदा चापट बसली की तो गुण जातो. कोरड्या हातांनी, शक्यतो देठाला धरून हाताळा. तंतू वेगळे करायचे असतील तर लांब क्लिपमध्ये धरून देठ कापून टाका. सीडीसीसाठी स्टॅटिकवर खोलीतला ओलावा हाच एक उपाय आहे, म्हणून हवा फार कोरडी असेल त्या दिवशी दुसरं काहीतरी बांधा.

फ्लॅश. फ्लॅशाबू किंवा क्रिस्टल फ्लॅशची लडी मोकळी सोडू नका. जाड स्ट्रॉमध्ये ओवून ठेवा आणि टोकाकडून एकेक पट्टी ओढा. बांधताना पट्टी मध्यावर दोऱ्याभोवती दुमडा, दोन्ही टोकं एका हातात धरा आणि दोऱ्यावरून घसरवत हुकपर्यंत आणा. अशाने ती बोटांना चिकटायला वाव राहत नाही आणि दोन्ही बाजूंना सारखी बसते. बांधून झाल्यावर पट्ट्या पंख्यासारख्या फाकल्या तर बोटांनी ओढत बसू नका, ओलसर बोट मुळापासून टोकापर्यंत एकदाच फिरवा. टोकं कापताना कापलेला भाग दुसऱ्या हाताने धरा आणि तो टेपवरच ठेवा. जमिनीवर पडलेला फ्लॅशचा तुकडा आठवड्यांनंतरही घरात कुठेतरी सापडतो.

डबिंग. सिंथेटिक डबिंग कोरड्या हवेत दोऱ्याला टेकायच्या आधीच उडी मारून बोटावर येतं. वॅक्स दोऱ्याला लावा, बोटांना लावू नका. बोटांना वॅक्स लागला की पुढे प्रत्येक गोष्ट त्यांना चिकटते. चिमूट जितकी वाटते त्याच्या अर्धी घ्या आणि एकाच दिशेने वळा. उलट-सुलट वळलं की तंतू सुटतात आणि हवेत जातात.

दोन रंगांचं डबिंग मिसळायचं असेल तर कोरडं मिसळू नका. झाकणाच्या बरणीत पाणी आणि भांडी घासायच्या द्रव साबणाचा एखादा थेंब घ्या, तंतू टाका आणि जोरात हलवा. बारीक गाळणीवर ओता, स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवा, दाबून पाणी काढा आणि कागदावर पसरून पूर्ण वाळू द्या. मिश्रण एकसारखं होतं आणि खोलीभर धुरळा उडत नाही. साबण नीट धुतला गेला पाहिजे, नाहीतर ड्राय फ्लाय बुडेल. ही बरणी आणि गाळणी पुन्हा स्वयंपाकात वापरायची नाही.

फोम. कापल्यावर ओलसर कापडाने कडा पुसा, भुगा निघून जातो. एवढंच.

टप्पा ७ : फिरवलेले केस कातरणं

मडलरचं (हुकभोवती केस फिरवून बनवलेल्या फ्लायचं) डोकं किंवा केसांचा पॉपर कातरताना जो कचरा होतो त्यापुढे बाकीचं काहीच नाही. पोकळ केसांचे मिलिमीटरभर तुकडे उडतात, स्टॅटिकने प्रत्येक गोष्टीला चिकटतात, आणि नाकातही जातात. म्हणून बांधणं आणि कातरणं कधीच एकत्र करायचं नाही. सगळ्या फ्लाय बांधून घ्या, डोक्याची गाठ पक्की करा, बाकी सगळं साहित्य उचलून ठेवा, मग कातरायला बसा.

१. पुठ्ठ्याचा मोठा खोका आडवा ठेवा, आत तळाला ओलं कापड अंथरा. हात खोक्याच्या आत ठेवून कातरा. तुकडे ओल्या कापडावर पडतात आणि तिथेच राहतात.

२. नाकावर मास्क, डोळ्यांवर चष्मा.

३. आधी कात्रीने ढोबळ आकार द्या.

४. फ्लाय फोरसेप्समध्ये धरून उकळत्या पाण्याच्या वाफेवर काही सेकंद फिरवा. दबलेले केस ताठ उभे राहतात आणि प्रभारही निघून जातो. वाळू द्या.

५. मग ब्लेडने अंतिम आकार. नवं ब्लेड घ्या. बोथट ब्लेड केस कापण्याऐवजी ओढतं.

इशारा : वाफ बोटांना भाजते आणि हुकही तापतो, म्हणून फोरसेप्स लांब हवेत. ब्लेड नेहमी बोटांपासून दूर जाईल अशा दिशेने चालवा, आणि हे करताना दोरा वाचवा. डोक्यामागचा एक वेढा कापला गेला तर सगळं डोकं सुटतं.

टप्पा ८ : सिमेंट आणि रेझिन

बाटली आतापर्यंत उघडायचीच नव्हती. आता कागद टेपने स्वच्छ करा आणि दहा मिनिटं थांबा, म्हणजे हवेतले तंतू खाली बसतील. सिमेंटची बाटली लाकडी ठोकळ्यात भोक पाडून त्यात बसवा. कलंडलेली बाटली हा टेबलावरचा सगळ्यात महागडा पसारा असतो.

बॉडकिनच्या टोकावर छोटा थेंब घ्या, डोक्यावर टेकवा आणि लगेच उपटलेल्या हॅकलचं एक पीस हुकच्या डोळ्यातून ओढून काढा. सिमेंट आणि अडकलेले तंतू दोन्ही त्याच्याबरोबर निघतात. यूव्ही रेझिन (यूव्ही दिव्याने घट्ट होणारा डिंक) वापरत असाल तर दिवा लावण्याआधी भिंगातून पाहा. रेझिनमध्ये अडकलेला केस ते ओलं असेपर्यंतच निघतो.

इशारा : बहुतेक हेड सिमेंटमधला द्राव पेट घेणारा असतो. खिडकी उघडा. बाटली उघडी असताना लायटरने दोऱ्याची टोकं जाळू नका, अँटिस्टॅटिक स्प्रे मारू नका.

टप्पा ९ : आवराआवर

कोरडा झाडू आणि ब्रश इथे निरुपयोगी आहेत. ते घासून प्रभार देतात आणि तुकडे पसरवतात.

१. आधी चुंबक टेबलावरून, खुर्चीखालून आणि मांडीवरून फिरवा.

२. खाकी कागद चारही कोपऱ्यांनी आत दुमडून टाका. टेप आणि कचऱ्याची पिशवी त्याच्याबरोबर.

३. कपड्यांवरून चिकट रोलर फिरवा, तेही टेबलाजवळ बसूनच. केस घेऊन घरभर फिरल्यावर रोलर शोधून उपयोग नाही.

४. टेबल आणि व्हाइस ओलसर कापडाने पुसा, व्हाइसचे जबडे लगेच कोरडे करा.

५. जमिनीवर व्हॅक्युम चालवताना नळीच्या तोंडावर पातळ मोजा ताणून रबरबँड लावा. पडलेले मणी आणि हुक त्यावर अडकून राहतात, ते परत मिळतात आणि मशीनही वाचतं.

साहित्य बंद पाकिटांत परत ठेवण्याआधी प्रत्येक तुकडा हाताने चाचपा. जे ओलसर लागेल ते रात्रभर कागदावर राहू द्या. नवीन आणलेली कातडी किंवा पिसं जुन्या साहित्यात मिसळण्याआधी बंद पाकिटात घालून काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. नंतर बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि पुन्हा एकदा फ्रीझरमध्ये ठेवा.

तपासा : बांधलेल्या फ्लाय अधिक उरलेले हुक, ही बेरीज कोपऱ्यात लिहिलेल्या आकड्याशी जुळते का? म्हणूनच कागद टाकण्याआधी तो कोपरा फाडून ठेवा. एक हुक कमी भरत असेल तर तो सापडेपर्यंत खोलीत कुणी अनवाणी येऊ नये. घरात मांजर असेल तर दोऱ्याचे आणि फ्लॅशचे तुकडेही तितकेच कसून शोधा. गिळलेला दोरा मांजराच्या आतड्यात अडकतो आणि शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.